माळावरच्या चिंकाऱ्यासाठी काय करावं, काय करू नये

प्रश्न असा आहे: इंदापूर तालुक्याच्या जिरायती भागातलं गाव. गावाला लागून गायरान आणि वनखात्याचा माळ. त्यावर चिंकारा जातीची आठ-दहा हरणं कायम दिसतात. उन्हाळ्यात त्यांचे हाल होतात म्हणून तरुण मंडळाने वर्गणी काढली आहे. सिमेंटचे पाणवठे बांधायचे, दोन हजार रोपं लावायची आणि माळाभोवती काटेरी तारेचं कुंपण घालायचं, असा बेत आहे. यातलं आधी काय करावं?

तिन्ही बेत तूर्त बाजूला ठेवा. पाणवठ्याचं एकवेळ समजू शकतो, त्यावर पुढे बोलू. पण रोपं आणि काटेरी तार यांनी तुमच्या माळावरचा चिंकारा वाचणार नाही, उलट तो तिथून उठेल. वर्गणी मात्र परत करू नका, ती कुठे लावायची तेही सांगतो. त्याआधी हा प्राणी जगतो कसा ते समजून घ्यायला हवं, कारण सगळा घोटाळा तिथेच होतो. आपण त्याच्याकडे गाई-म्हशींच्या हिशेबाने पाहतो: ऊन आहे, सावली नाही, पाणी नाही, म्हणजे हाल. चिंकाऱ्याचं शरीर त्या हिशेबाने बनलेलंच नाही.

हा वाळवंटाच्या कडेचा प्राणी. इराणपासून पाकिस्तान, राजस्थान, कच्छ असा त्याचा मुलूख पसरलेला आहे आणि तिथून मध्य प्रदेश, महाराष्ट्र, तेलंगण, आंध्र, कर्नाटकापर्यंत खाली उतरतो. वाळूची टेकडी संपून खुरटं झुडूप आणि विरळ गवत सुरू होतं, तिथे तो खरा रमतो. तशी जमीन दख्खनच्या अवर्षणप्रवण पट्ट्यातही आहे म्हणून तो इथे आहे. कोणी राजस्थानातून आणून सोडलेला नाही. उलट शास्त्राला त्याची ओळख झाली तीच दख्खनमधून. कर्नल विल्यम साइक्स हा कंपनी सरकारचा अधिकारी आपल्या भागाची पाहणी करत फिरत होता. त्याने 1831 साली या प्राण्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन छापलं. त्यामुळे 'हा इथला नाही' असं कोणी म्हणालं, तर कागदोपत्रीसुद्धा तो इथलाच आहे.

ओळखायला सोपा, तरी काळविटाशी गल्लत होतेच. काळविटाचा नर काळा-पांढरा, शिंगं पिळदार, मादीला शिंगं नाहीत, आणि कळप मोठा. चिंकारा शेळीएवढा, खांद्याशी साधारण 65 सेंटिमीटर, वजन वीस-पंचवीस किलो. अंग तांबूस, पोट पांढरं, डोळ्यापासून नाकाकडे उतरणारा गडद पट्टा. नराची शिंगं वळ्या-वळ्यांची, थोडी मागे झुकून टोकाशी पुढे येणारी. मादीलाही शिंगं असतात, पण बारीक, सरळ आणि आखूड. शेपटी काळी आणि ती सारखी हलत असते. दुपारच्या झळांमध्ये चिंकारा दिसत नाही, पण ती शेपटी दिसते. कळपात जेमतेम दोन-पाच जण. आठ-दहा एकत्र दिसत असतील तर ते बहुतेक दोन-तीन टोळ्यांचं तात्पुरतं जमणं असतं.

आता पाण्याचं. चिंकारा पाणी मिळालं तर पितो, नाही मिळालं तर बराच काळ त्यावाचून भागवतो. त्याला लागणारं पाणी बहुतेक पाल्यातून येतं. तो गवतखाऊ कमी आणि पालाखाऊ जास्त. बोरीचा पाला, हिवर आणि बाभळीच्या शेंगा, छोट्या झुडपांचे कोवळे शेंडे, पावसाळ्यात हिरवं गवत आणि रानभाज्या. चरतो पहाटे आणि सांजेला, चांदण्यात रात्रीही. पहाटे पाल्यात ओल जास्त असते, दंव असतं. त्याच वेळी पोट भरलं की अर्धं पाणी आपोआप आलं. दुपारी तो एखाद्या बोरीच्या किंवा हेंकळीच्या तुटपुंज्या सावलीत नाहीतर ओढ्याच्या काठाला बसून राहतो. लघवी अगदी घट्ट, लेंड्या कोरड्या. मेंदूकडे जाणारं रक्त नाकातून थंड होऊन आलेल्या रक्ताच्या जाळ्याशेजारून जातं आणि थोडं निवतं, म्हणून अंग तापलं तरी डोकं शाबूत राहतं. त्याच्या अरबस्तानातल्या एका भाऊबंदावर झालेल्या अभ्यासात तर असं दिसलं, की चारा-पाणी तुटलं की ते जनावर आपलं यकृत आणि हृदय चक्क लहान करतं, म्हणजे शरीराची गरजच उतरते आणि श्वासावाटे पाणीही कमी जातं. आपला चिंकारा तेच करतो असं मी म्हणत नाही. पण ज्या घराण्याचे हे संस्कार आहेत, त्याला प्लास्टिकच्या टपात पाणी ठेवून जीवदान देतोय असं समजू नये.

यातून एक गोष्ट निघते. एप्रिल-मे महिन्यात चिंकाऱ्याला लागते ती टाकी नव्हे, तर खोल मुळांची, विखुरलेली काटेरी झाडं आणि झुडपं. बाभळीच्या शेंगा त्याच सुमारास पिकून खाली पडतात. तुमच्या माळावर अशी झाडं किती आहेत ते एकदा मोजा. बहुधा पुरेशी असतील. सरपणासाठी ती तुटत असतील तर तेवढं थांबवा. दोन हजार रोपं लावण्यापेक्षा ते काम मोठं आहे.

रोपं का नकोत

इथे मी थोडा कडवट होईन, समजून घ्या. माळरान म्हणजे उजाड झालेलं जंगल, ही समजूत आपल्या डोक्यात पक्की बसली आहे. सरकारी दप्तरातही अशा जमिनी पडीक म्हणून लागतात. प्रत्यक्षात पुणे, सोलापूर, अहिल्यानगर, सातारा जिल्ह्यांच्या पूर्वेकडचा हा पट्टा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहे. पातळ माती, खाली मुरूम नाहीतर खडक. इथे गवतच वाढायचं आणि मधूनमधून झाड. कुसळी, पवन्या, मारवेल, डोंगरी ही गवतं, तरवड, हेंकळ, बोर, हिवर. त्यावर चिंकारा, लांडगा, खोकड, तरस, आणि धाविक, चंडोल, पखुर्डी हे पक्षी. ही अख्खी वसाहत उघड्या जागेवर उभी आहे. चिंकारा डोळ्यांवर जगतो. लांबून येणारा शत्रू दिसला पाहिजे आणि दिसला की पळायला मोकळी जागा पाहिजे. तिथे तुम्ही दोन-दोन मीटरवर ओळीने झाडं उभी केलीत तर तो आंधळा होतो. मग त्या जागेत तो येत नाही.

पूर्वी वनखात्याने माळांवर गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) हे परदेशी झाड लावलं. त्याचे परिणाम अनेक ठिकाणी आजही पाहता येतात: खाली गवत नाही, वर दाट हिरवं, आणि चिंकारा कडेकडेने फिरतो. राज्यात 2019 साली 33 कोटी झाडांचं लक्ष्य होतं, तेव्हा माळांवरही खड्डे पडले. बरीच रोपं मेली ते एका परीने बरं झालं, पण खड्डे आणि सलग समतल चर राहिले. जेसीबीने उकरलेल्या चराच्या कडेला मूळ गवत परत यायला फार वर्षं लागतात. आधी उगवतं ते तण. चर पाणलोटासाठी काढतात हे मला माहीत आहे, आणि शेतजमिनीच्या वरच्या उतारावर त्याचा उपयोगही आहे. पण जिथे गवताने माती धरून ठेवली आहे, तिथे ती उकरून पुन्हा 'संधारण' करायचं हा उफराटा उद्योग आहे.

वेडी बाभूळ मात्र काढा. ती परकी आहे, माळ गिळते, आणि तिच्या दाटीत कुत्री लपून बसतात. बुंध्यापाशी तोडून भागत नाही, मुळासकट काढावी लागते आणि पुढची दोन-तीन वर्षं फुटवे पाहावे लागतात. तेही सरसकट एका हंगामात नको. एका तुकड्यापासून सुरुवात करा, कारण सध्या तिथे सावलीला बसणारी जनावरंही आहेत.

कुंपण

काटेरी तारेने तुम्ही माणसांना आणि गुरांना अडवाल. चिंकाऱ्याला मात्र कोंडाल. तो उडी मारू शकतो, पण कुंपणाशी आला की बहुतेकदा वाकून खालून निघायला बघतो. खालची तार बुटकी असेल तर पाठ फाटते. जाळी जमिनीपर्यंत असेल तर तो तिच्या कडेने धावत राहतो. मागे कुत्री असली की कोपऱ्यात खेळ संपतो. राजस्थानात शेतांना लावलेल्या पात्यांच्या तारेने असंख्य चिंकारे जखमी होतात, आणि ती जखम साधी नसते. मांसापर्यंत चिरत जाते.

अतिक्रमण रोखायला हद्द दाखवायचीच असेल तर दगडी खुणा किंवा निवडुंगाच्या, घायपाताच्या तुटक रांगा पुरतात. शेतकऱ्यांना पिकासाठी कुंपण लागतंच, त्याला माझी हरकत नाही. हरभऱ्याचे कोवळे शेंडे चिंकारा खातो हे खरं आहे आणि नुकसान झालेल्या माणसाला 'तो गरीब प्राणी आहे' असं ऐकवणं योग्य नाही. राज्याच्या नुकसानभरपाईच्या नियमांत हरणाने केलेलं पिकाचं नुकसान येतं. अर्ज कसा करायचा, पंचनाम्याला कोणाला बोलवायचं हे मंडळाने गावाला शिकवलं, तर तुमच्याविषयी आणि चिंकाऱ्याविषयी गावाचं मत बदलेल. कुंपणापुरतं सांगायचं तर खालची तार जमिनीपासून निदान दीड फूट वर आणि बिनकाट्याची ठेवा, एवढी विनंती शेजारच्या शेतकऱ्यांना करा. तारांवर ठिकठिकाणी पांढरी चिंधी किंवा पट्टी बांधली की धावत्या जनावराला तार आधी दिसते. खर्च जवळजवळ शून्य.

खरा शत्रू

कुत्री. हा मुद्दा कोणालाच ऐकायला आवडत नाही, पण चिंकाऱ्यांच्या कुठल्याही पट्ट्यात फिरा, हेच ऐकाल. जोधपूरच्या आसपास बिष्णोई गावांमध्ये माणूस चिंकाऱ्याला हात लावत नाही. त्या समाजाने 1730 साली खेजडलीला झाडांसाठी 363 जीव दिले. चिंकारा त्यांच्या शेतातून निवांत चरत जातो. तिथेही जखमी होऊन येणाऱ्या चिंकाऱ्यांमध्ये कुत्र्यांनी फाडलेले मोठ्या संख्येने असतात. माणसाची भक्तीही कुत्र्याच्या टोळीपुढे कमी पडते.

यामागचं गणित समजून घ्या. चिंकारा वाढला तो चित्ता आणि लांडगा यांच्यासोबत. चित्ता आपल्याकडून 1952 पर्यंत गेला. लांडगा तुमच्या भागात अजून आहे आणि तो राहिलाच पाहिजे. अशा शत्रूपासून चिंकारा वाचतो तो एका झपाट्याने. दोन-तीनशे मीटर सुसाट पळतो, मग थांबतो, वळून पाहतो. लांडग्याला मोठं क्षेत्र फिरायचं असतं, शिकार हुकली तर तो पुढे जातो. लांडग्यांची संख्याही माळाला पेलेल इतकीच राहते, कारण शिकार कमी झाली की पिल्लं जगत नाहीत. कुत्र्याचं तसं नाही. त्याचं पोट गावात भरतं, माळावर तो येतो तो सवयीने आणि टोळीने. चिंकारा संपला तरी कुत्री कमी होत नाहीत. शिवाय गाभण मादी आणि पाडस हीच त्यांना सापडतात.

पाडसाचं जरा सविस्तर सांगतो, कारण तुमच्या मंडळातली मुलं माळावर फिरणार आहेत. मादी साडेपाच महिने गाभण असते. बहुतेक एक, कधी दोन पाडसं. जन्मल्यावर पहिले काही आठवडे पाडस आईच्या मागे हिंडत नाही. ते गवताच्या बुंध्याशी, तरवडाखाली नाहीतर दोन दगडांच्या बेचक्यात मान जमिनीला टेकवून, कान पाठीला चिकटवून पडून राहतं. तुम्ही एका पावलावर आलात तरी हलत नाही. डोळा फक्त उघडा. आई शंभर-दोनशे मीटरवर चरत असते आणि त्या दिशेला पाहायचंसुद्धा टाळते. पाजायची वेळ झाली की ती सरळ येत नाही, वळसा घालत येते. मधेच थांबते, चौफेर बघते. पाडस उठतं, धडाधड ढुशा देत पितं. त्याच वेळात आई त्याचं शेपटीखालचं अंग चाटते, शी-शू स्वतः गिळते, वास मागे राहू देत नाही. दोन-चार मिनिटांत सगळं आटोपतं. पाडस स्वतःच दुसरी जागा शोधून पुन्हा जमिनीत मिसळून जातं. वास न सोडण्याची एवढी काळजी कोणासाठी, तर नाकावर शिकार शोधणाऱ्यांसाठी. सात-आठ कुत्री माळ पिंजत गेली की ही सगळी हुशारी तोकडी पडते.

म्हणून पाडस एकटं दिसलं तर उचलू नका. ते टाकून दिलेलं नसतं. तुम्ही तिथे उभे आहात म्हणूनच आई येत नाहीये. दरवर्षी कोणीतरी दयेपोटी पाडस घरी आणतं, गाईचं दूध पाजतं, फोटो काढतं. बहुतेक मरतात. जगलेली माणसाळतात आणि परत सोडता येत नाहीत. शिवाय चिंकारा वन्यजीव संरक्षण कायदा 1972 च्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीत आहे. घरी ठेवणं हा गुन्हाच आहे. शिकारीला किमान तीन वर्षांची कैद आहे आणि 2022 च्या दुरुस्तीनंतर किमान दंड 25 हजार रुपये.

आता कुत्र्यांचं करायचं काय? मारता येत नाहीत, दुसऱ्या गावच्या हद्दीत सोडूनही देता येत नाहीत. नसबंदी आणि रेबीजची लस देऊन त्याच जागी सोडायचं, हा केंद्राच्या 2023 च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांचा मार्ग आहे आणि ती जबाबदारी स्थानिक संस्थेची आहे. खरं सांगतो, एका गावात दहा-बारा कुत्र्यांची नसबंदी करून फरक पडत नाही. टोळीतली बहुसंख्य कुत्री, विशेषतः माद्या, एकाच हंगामात झाल्या पाहिजेत आणि लगतच्या गावांतही. तुमची वर्गणी लावायची ती इथे: पकडणाऱ्या पथकाचा आणि पशुवैद्यकाचा खर्च ग्रामपंचायतीबरोबर वाटून घ्या.

पण त्याहून आधी अन्न तोडा. तुमच्या भागात पोल्ट्री किती आहेत ते तुम्हाला सांगायला नको. मेलेल्या कोंबड्या पोत्यात भरून माळाच्या कडेला, ओढ्यात टाकल्या जातात. मटणाच्या दुकानांचा कचरा, ढाब्यांचं उष्टं, हे सगळं तिथेच. कुत्र्यांची टोळी यावर पोसली जाते. लांडगेही यायला लागतात, मग कुत्री आणि लांडगे एकत्र येतात, रोग पसरतात. पुणे जिल्ह्यात लांडगा-कुत्रा संकर जनुकीय तपासणीने सिद्ध झालेला आहे, ही गंमत नव्हे. पोल्ट्रीवाल्यांशी भांडू नका. त्यांनाही मर टाकायची जागा हवीच असते. झाकणाचा खोल खड्डा, चुना आणि वरून माती, एवढी सोय प्रत्येक शेडजवळ करून दिलीत तर ते ऐकतात. दोन-तीन शेडचे खड्डे मंडळाच्या पैशातून काढून द्या, बाकीचे बघून करतील.

पाणवठा, शेततळं, विहीर

पाणवठा बांधायचाच असेल तर एकच, बशीसारखा उथळ, कडा उताराच्या, रस्त्यापासून आणि झाडीपासून लांब उघड्यावर. उभ्या भिंतीची टाकी अजिबात नको. टँकरने वर्षभर भरत राहणार असाल तरच. एकदा सवय लावून मे महिन्यात सोडून देणं वाईट. आणि लक्षात ठेवा, पाणी चिंकाऱ्याआधी कुत्र्यांना आणि शिकाऱ्यांना बोलावतं. दुष्काळाच्या वर्षी, बोरीचा पालाही जळतो तेव्हा, पाणवठ्याने मदत होते हे मान्य. दरवर्षीची गरज म्हणून तो पुढे करू नका.

त्याऐवजी आधीच असलेल्या पाण्याकडे पाहा. तुमच्या पंचक्रोशीत शेततळी किती झाली? त्यातल्या प्लास्टिकच्या कागदावर खूर टिकत नाही. जनावर उतरतं, घसरतं, पोहत राहतं आणि दमून बुडतं. सकाळी तरंगताना सापडतं. प्रत्येक शेततळ्यात काठापासून तळापर्यंत जाड दोरखंडाची जाळी किंवा जुन्या टायरांची माळ दोन कोपऱ्यांत सोडून ठेवली, तर आत पडलेला चिंकारा, कोल्हा, इतकंच काय माणूसही वर येऊ शकतो. बिनकठड्याच्या विहिरींचं तेच. ही कामं दोन रविवारांत होतात आणि मला विचाराल तर तुमच्या तीनही बेतांपेक्षा अधिक जीव वाचवतात.

जखमी किंवा अडकलेलं जनावर दिसलं तर पाठलाग करू नका. चिंकारा पकडीच्या ताणाने मरतो. स्नायू आतून खराब होतात, हृदय बसतं. वरून जखम क्षुल्लक असली तरी काही तासांनी किंवा दोन-चार दिवसांनी तो जातो. कुत्री हाकलून लांब उभे राहा, 1926 या वनविभागाच्या मदत क्रमांकावर फोन करा. हातात घ्यावंच लागलं तर डोळ्यांवर कापड टाका, आवाज बंद, पाय बांधू नका, आडवं न पाडता छातीवर बसतं ठेवा, नाहीतर पोट फुगतं. तोंडात पाणी ओतू नका, ते फुप्फुसात जातं. आणि व्हिडिओ काढणाऱ्यांना आधी घरी पाठवा.

चराई

कोणीतरी तुम्हाला सांगेल की धनगरांच्या मेंढ्या बंद करा. घाई करू नका. माळ शतकानुशतकं चरला गेलाय. पूर्ण बंदी केली की गवत उंच वाढतं, वाळतं, आणि एका काडीने सगळा माळ पेटतो. वणव्यात पाडसं मरतात, बोरी जळतात. अतिचराईनेही माळ मरतो. मधला मार्ग म्हणजे तुकड्या-तुकड्यांनी चराई आणि पावसाळ्याच्या सुरुवातीचे काही आठवडे गवताला उसंत. हे धनगरांशी बसून ठरवा. माळावर कुठे पाडसं आहेत, लांडग्याची गुहा कुठे आहे, रात्री कोण बॅटरी घेऊन फिरतं, हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नसतं.

आणि माळच गेला तर?

हा धोका बाकी सगळ्यांहून मोठा आहे. बारामती-इंदापुरात चिंकारा टिकला तो मुख्यतः पाणी न पोचलेल्या भागात. नीरा डावा कालवा 1885 च्या सुमारास आला, त्याखालचा भाग ऊसमळा झाला आणि तिथला माळ संपला. वरचा सुपे, शिरसुफळ, कडबनवाडीचा जिरायती टापू उरला. सुप्याजवळ 1997 साली मयूरेश्वर अभयारण्य झालं, ते जेमतेम पाच-सव्वापाच चौरस किलोमीटरचं. चिंकारा त्यात मावत नाही. अभयारण्याची हद्द त्याला माहीत नाही, तो आसपासच्या गायरानांवर आणि पडीक रानांवर जगतो. आता उपसा सिंचनाचं पाणी वर चढतंय, पालखी मार्ग रुंद झालेत, आणि सौर प्रकल्पांसाठी गायरानं मागितली जात आहेत. शेतकऱ्याला दिवसा वीज आणि शेतीला पाणी मिळावं याला कोण नाही म्हणेल? पण एका माळावरून दुसऱ्या माळावर जाण्याची वाट बंद झाली की दहा चिंकाऱ्यांचा गट तिथल्या तिथे प्रजनन करत राहतो आणि एखाद्या वाईट वर्षात नाहीसा होतो.

देशाचा आकडा पाहून कोणी दिलासा देईल. शतकाच्या सुरुवातीचा अंदाज लाखभर चिंकाऱ्यांचा होता, त्यातले 80 हजार एकट्या थरच्या वाळवंटात. धोक्यातल्या प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय यादीतही तो फारशा चिंतेचा धरलेला नाही. राजस्थानच्या राज्यप्राण्याचा तो हिशेब आहे, दख्खनमधल्या तुटक गटांचा नव्हे. संरक्षित म्हणून रेघ मारली तरी ती पुसता येते, हेही ध्यानात ठेवा. कच्छमधलं नारायण सरोवर अभयारण्य 1981 साली सुमारे 766 चौरस किलोमीटरचं होतं. खाली चुनखडी आणि लिग्नाइट निघालं आणि 1995 मध्ये ते 444 वर आणलं गेलं. कर्नाटकने उलट बाजूने यडहळ्ळी आणि बुक्कापट्टणला खास चिंकाऱ्यासाठी अभयारण्यं केली. आपल्याकडे नवीन अभयारण्य मिळेल याची वाट पाहत बसू नका.

गावाच्या हातात एक कागद आहे. जैवविविधता कायदा 2002 खाली प्रत्येक ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिने लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची असते. बऱ्याच गावांत ती कोणीतरी भरून कपाटात ठेवलेली असते. ती मागवा. चिंकारा, लांडगा, माळावरची गवतं, पाडसांच्या जागा, माळ ओलांडायच्या वाटा, असं सगळं गट क्रमांकासह त्यात घाला आणि ग्रामसभेत वाचून ठराव करून घ्या. उद्या गायरान मागायला कोणी आलं तर 'इथे काही नाही' असं म्हणता येणार नाही. जमीन वाचेलच असं नाही, पण पर्यायी जागा शोधायला भाग पाडता येतं.

त्यासाठी नोंदी लागतील, आणि इथे एक चूक सगळे करतात. वैशाखी पौर्णिमेला पाणवठ्यावर बसून मोजणी करतात. जो प्राणी पाण्यावर यायला बांधील नाही, त्याची पाण्यावर मोजणी कशी होणार? त्यापेक्षा हिवाळ्यात, पहाटे, ठरलेल्या दोन-तीन वाटांनी चालत जा. दरमहा तेच अंतर, तीच वेळ. किती नर, किती माद्या, किती पाडसं, कुठे. शिवाय लेंड्यांचे उकिरडे नोंदवा. हद्द राखणारा नर ठरावीक जागीच लेंड्या टाकतो. आधी पुढच्या खुराने जमीन उकरतो, त्यावर मुततो, मग अगदी खाली बसल्यासारखा वाकून लेंड्या टाकतो. वर ताज्या काळ्या, तकतकीत, खाली जुन्या करड्या, असा हातभर रुंद ढीग होतो. ताजा ढीग म्हणजे नर जागेवर आहे. महिनाभर सगळेच ढीग करडे दिसले, तर काहीतरी बिघडलंय. वही शाळेच्या मुलांकडे द्या, दर महिन्याला एक प्रत वनरक्षकाकडे पोचवा आणि पोच घ्या.